घाटात डी वर नको, बाई

नामदेव, तू गेल्याचं मला चहावाल्यानं सांगितलं.

सकाळची वेळ होती. नागपूरच्या इतवारीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एक गिऱ्हाईक स्टीलची परात हातात धरून शेवटचा भाव विचारत होतं. चहावाल्यानं कप ठेवला आणि सहज म्हणाला, "बाई, नामदेवभाऊची माती झाली काल. तुमी दिसल्या नाई कामठीले." मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "ने, तू म्हणतो त्या भावात ने." ते बिचारं घाबरलं. परात उलटीपालटी करून उजेडात धरून पाहायला लागलं. बाईनं इतक्या लवकर हो म्हटलं म्हणजे कुठेतरी भेग असणार, असं त्याला वाटलं असेल. परात ठेवून ते निघून गेलं. मी हाक मारली नाही.

खोटं कशाला सांगू, आधी रडू आलं नाही. राग आला. तू तीन महिने अंथरुणाला खिळला होतास, हे हमालांना ठाऊक होतं, चहावाल्याला ठाऊक होतं, समोरच्या कापडवाल्याला ठाऊक होतं. एकट्या मला ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षं ज्या बाईचा माल तू टेम्पोतून वाहिलास, तिला तुझ्या पोटाचं दुखणं चहाबरोबर कळावं?

त्याच दिवशी दुकानाचं शटर ओढून कामठीला आले. तुझ्या घराच्या गल्लीत अजून हातमागासारखे खटखटणारे यंत्रमाग चालू होते. तुझी सुशीला भिंतीला टेकून बसली होती. तिच्याजवळ बसले आणि तिला धीर द्यायच्या ऐवजी मी तिच्यावरच तुटून पडले.

"मले काहून नाई सांगितलं वं?"

"त्याहीनंच सांगू नाई देल्लं, बाई."

"असं काय म्हणत होता तो?"

सुशीलेनं पदरानं नाक पुसलं आणि तुझ्याच आवाजात म्हटल्यासारखं म्हटलं, "म्हणत, दुखण्यापायी आलेली बाई मले नाई पाहिजे. चुकली म्हणून आली त येऊ दे."

नामदेव, मी आयुष्यभर घासाघीस केली. कपड्याच्या चिंधीवरून केली, प्लॉटवरून केली, पोराच्या लग्नातल्या मंडपावरून केली. पण मरायला टेकलेल्या माणसानं असा सौदा लावून धरलेला मी पाहिला नव्हता. आणि तोही माझ्याशी.

आता तुझं ऐकून झालं. माझं ऐक.

तू मला भेटलास तेव्हा माझ्या डोक्यावर टोपलं होतं. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडी द्यायची. लोक भांडेवाली म्हणायचे. नवरा गेलेला, पोरगं आईकडे ठेवलेलं. गावोगाव हिंडायचे आणि संध्याकाळी ज्याच्या ओसरीवर जागा मिळेल तिथे पाठ टेकायचे. त्या जागेसाठीही भाव करावा लागे. एखादी चांगली वाटी द्यावी लागे, आणि तरी पहाटे घरची म्हातारी पायानं ढोसून म्हणे, "उठ वं, सडा टाकायचा हाय." तुझा तीनचाकी टेम्पो रिकामा परतत होता म्हणून तू मला इतवारीपर्यंत बसवून आणलंस. मी भाडं कमी केलं. तू आणखी कमी केलंस आणि म्हणालास, "आता कर घासाघीस, पाहू." मी चिडले. त्या दिवसापासून आपलं जमलं.

आपला पहिला नियम आठवतो? ती युक्ती? मी दारात बायकांशी भाव करत बसायची आणि तू टेम्पोत. सौदा अडला की मी बोटातल्या अंगठीनं गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, काठावर दोनदा टकटक करायची. तू लगेच इंजिन सुरू करायचास आणि ओरडायचास, "चाल वं बाई, उशीर होऊन राहिला!" मी भांडी आवरायला लागायची. आतून साडी यायची, कधी नवऱ्याचा कोट यायचा, आणि सौदा व्हायचा. पुढे पुढे तू टकटकीची वाटही पाहत नव्हतास. बाईचा आवाज कुठे मऊ पडला हे तुला टेम्पोत बसून कळायचं.

आणि दुसरा नियम माझा होता, तोही तू शिकलास. जे गिऱ्हाईक उठून चालायला लागतं, ते दहा पावलं हळू चालतं. त्याला हाक हवी असते. सात-आठ पावलांवर आपण म्हणायचं, "बरं ये, घेऊन जा, तुझ्याच भावात." दहा पावलं झाली की मग ते वळत नाही. मग त्याचाही मान जातो आणि आपलाही.

तिसरा नियम दोघांचा. गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाला उघडं पाडायचं नाही. एकट्यात काय जोडे मारायचे ते मारा. लोकांसमोर तू मला "तुमी" म्हणायचास, टेम्पोत बसलो की "वं बाई" आणि "तू". मला दोन्ही आवडायचं.

दुकान झालं, तुझ्या हाती द्यायला दुकानाचा टेम्पो झाला, हुडकेश्वरला प्लॉट झाला, त्यावर घर झालं. पोराचं पुण्यात बस्तान बसलं. आणि मला एक हौस राहिली. मला असं घर हवं होतं की जे मी सोबत ओढत नेईन. जिथे थांबेन तिथे माझीच ओसरी, माझीच खाट, पहाटे कोणी पायानं ढोसणार नाही. तुला सांगितलं तेव्हा तू हसला नाहीस. म्हणालास, "कासवावानी."

आधी गाडी शिकायची होती. हुडकेश्वरला तेव्हा मोकळे प्लॉट होते, तिथे तू मला शिकवायचास. क्लच माझ्या डाव्या पायाला कधी कळला नाही. गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि तू डोक्याला हात लावायचास. "क्लचवर पाय ठेवते का चुलीवर, वं? चटका बसल्यावानी उचलते!" मी दोनदा रागानं किल्ली फेकून दिली. दुसऱ्यांदा ती गवतात हरवली आणि आपण दोघं तासभर शोधत बसलो. शेवटी मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअरची झंझट नाही, डी वर टाकायची आणि निघायचं. तू पहिल्या दिवशी चालवलीस तेव्हा तुझा डावा पाय सारखा क्लच शोधत होता. "हा पाय त पेन्शनीत गेला," म्हणालास.

मग घर. कामठी रोडवर एक बॉडी बांधणारा होता, ट्रकच्या मागच्या पेट्या करायचा. त्याच्याकडून मी कॅरॅव्हॅन बांधून घेतली. दोन चाकं, दोन खाटा, छोटा ओटा, खिडकीला जाळी. त्यानं कागदावर यादी लिहिली होती आणि मी एकेक ओळ कापत होते. एका ओळीवर तो अडला.

"बाई, हे नोका काढू. मागच्या घराले सोताचे ब्रेक लागतात. पुढची गाडी थांबली का जोडाचा दांडा आत दबते, आन् घराचे ब्रेक आपोआप लागतात."

"घर काय पळून जाते काय गा? पुढच्या गाडीले चार चाकाले ब्रेक हायेत ना?"

"बाई, वजन हाय."

मी त्याच्याच खिशातला पेन घेतला आणि ती ओळ खोडली. तो खालची ओळ वाचायला लागला म्हणून मला वाटलं, जिंकले. नामदेव, तू त्या दिवशी सोबत नव्हतास, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. एखाद्या वस्तूचा भाव पाडणं वेगळं, वस्तूच काढून टाकणं वेगळं, एवढं मला कळायला हवं होतं. मी तुला सांगितलं की सगळं आहे. पक्कं आहे.

घर जोडून आपण पहिल्यांदा निघालो ते वर्धा रोडवर. उड्डाणपुलाचा चढ लागला आणि गाडी वेड्यासारखं करायला लागली. एकदा ओरडे, एकदा दबे, पुन्हा ओरडे. तू कान देऊन ऐकत होतास.

"ऐक. तिचं ठरून नाई राहिलं. चौथा घेते, ओढत नाई म्हणून तिसऱ्यात येते, मंग वाटते जमलं, का पुन्हा चौथा."

"मग तिचं तिले ठरवू दे ना. त्यासाठीच त घेतली."

"असं करत राहिली त आतलं तेल उकळून जाईन." तू लिव्हर बाजूला सरकवून गिअर हातानं तिसऱ्यावर धरून ठेवलास. आवाज एकसारखा झाला. गाडी बैलासारखी मान खाली घालून चढली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. दर सहलीला तेच. मी म्हणायची, हुशार गाडी आहे, तिच्यात हात घालू नको. तू म्हणायचास, "हुशार हाय, मी कुठी नाई म्हणून राहिलो? मागचं वजन तिले चाकाले लागल्यावर समजते. पण पुढचा उतार तिले दिसत नाई. तो तुले दिसते. मंग ठरवायचं कोणं?" आणि सपाटीवर, टोलनाक्यावर, कुठेही विषय निघाला की तू मला पाढा म्हणायला लावायचास. सपाटीवर डी. चढाला अडखळली की हातानं तीन. आणि उतार? उतार सुरू व्हायच्या आधीच दोन. मध्ये नाही. आधी. इंजिनानं धरू द्यायची गाडी, पाय ब्रेकवर नाचवायचा नाही. मी म्हणायची, "झालं का मास्तर?" मनात म्हणायची, टेम्पोवाल्याला नवी वस्तू सहन होत नाही.

चिखलदऱ्याचं मीच काढलं. अमरावतीचे व्याही-विहीण हे चाकांवरचं नवं घर पाहायला येणार होते. विहीणबाईंच्या बहिणीचा तिथे वर बंगला आहे, आणि त्या बंगल्याचं कौतुक मी पोराच्या लग्नापासून ऐकत होते. मला माझं घर नेऊन तिच्या दारात उभं करायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तू दुकानात आलास, आणि आतल्या बाजूला मला एकटीला गाठलंस.

"बाई, घाट काहून? पेंचले नेऊ त्याहिले. सपाट रस्ता हाय."

"तुले घाटाचं भेव वाटते का आता?"

"हाव. वाटते."

मी हसले. तुझ्या तोंडून ती एकच वेळ भीतीची कबुली ऐकली आणि मी हसले.

चढताना तू चालवलीस. तिसऱ्यावर धरून, कुठे दुसऱ्यावर. बंगल्याच्या दारात घर उभं राहिलं. विहीणबाईंच्या बहिणीनं आत येऊन खाटेवर बसून पाहिलं. माझं पोट भरलं. आणि त्या भरल्या पोटी मी उतरताना किल्ली मागितली. व्याह्यांना दिसायला हवं होतं ना, की बाई चालवते सुद्धा. तू किल्ली देताना एवढंच म्हणालास, "बाई, घाटात डी वर नको." मी मान हलवली आणि डी वर टाकली. मागे व्याही-विहीण, शेजारी तू.

पहिली दोन वळणं बरी गेली. मग गाडी सुटायला लागली. मी ब्रेक दाबला की ती दबे, सोडला की पुन्हा सुटे. मागून कुणीतरी खांदा लावून ढकलावं तसं घर ढकलत होतं. तू हळूच म्हणालास, "दोनवर घ्या." मी ऐकलं नाही. जळका वास यायला लागला.

"काही जळतंय का हो, ताई?" विहीणबाईंनी विचारलं.

"बाहेर कुणी पालापाचोळा जाळत असेल," मी म्हणाले.

पुढच्या वळणाला ब्रेक पायाखाली लोण्यासारखा गेला. तो क्षण मला अजून तळपायात जाणवतो. आणि त्याच क्षणी तुझा हात आला. लिव्हर बाजूला, मागे एकदा, मागे दुसऱ्यांदा. इंजिन असं ओरडलं की विहीणबाई किंचाळल्या. त्यांच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा पुढच्या सीटवर येऊन आपटला. गाडी मात्र धरली गेली. ओरडत ओरडत चालायच्या वेगाला आली.

मागून व्याही म्हणाले, "ड्रायव्हरला जरा जास्तच सूट दिलेली दिसते."

पुढे रस्ता रुंद झाला होता. पांढरा रंगवलेला कठडा आणि एक मोहाचं झाड. मी तिथे हँडब्रेक ओढून गाडी उभी केली आणि तुझ्याकडे न पाहता म्हणाले, "उतर."

तू लगेच उतरला नाहीस. तुला वाटलं असेल ही आपली जुनी युक्ती आहे, गिऱ्हाइकाला दाखवायला. मी पुन्हा म्हटलं, "उतर म्हटलं ना." तू दार उघडलंस, पायाशी सांडलेला चिवडा हातानं बाहेर झटकलास आणि म्हणालास, "दोनवरच राहू द्या, बाई." तुमी म्हणालास. लोक होते ना.

मला आरशात तू दिसत होतास. घराच्या कडेनं मागे, चढाकडे चाललास. हळू. मी पावलं मोजली. मोजायची सवयच आहे. सातव्या पावलाला तू चपलेतला खडा काढायला थांबलास. नामदेव, तुझ्या चपलेत खडा नव्हता. मला ठाऊक होतं आणि तुलाही. आठ. नऊ. मी तोंड उघडलं असतं तर तू आला असतास. मागे व्याही बसले होते. दहा.

मी निघाले. गिअर मात्र हलवला नाही. परतवाड्यापर्यंत तू लावलेल्या दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. व्याह्यांना पोचवलं, नागपूरला आले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीखालच्या खिळ्याला टेम्पोची किल्ली अडकवलेली होती.

त्यानंतर आठ महिने. तू कामठीच्या कुणाचा तरी माल वाहायला लागलास. मी बाजारात कुणी विचारलं तर म्हणायची, "गेला आपल्या मस्तीनं." आणि घरी वाट पाहायची. माझं म्हणणं असं होतं की तू माझ्या गिऱ्हाइकांसमोर, म्हणजे व्याह्यांसमोर, माझ्या हातातली गाडी काढून घेतलीस. नियम तू मोडलास. मग आधी तू यायचं. तुझं म्हणणं काय होतं ते तू सुशीलेजवळ ठेवून गेलास.

पण खरंच तू कधी हाक मारली नाहीस का? पोळ्याच्या आसपासची एक दुपार आहे, ती मला तेव्हापासून छळते. दुकानात एक बाई पाणी भरायच्या पितळेच्या गुंडावर अडून बसली होती. तिचा आवाज मऊ पडला होता, पण ती हो म्हणत नव्हती. आणि गल्लीत एक टेम्पो सुरू झाला. मोठ्यानं, जागच्या जागी. ती बाई दचकली आणि म्हणाली, "बरं द्या बापा." मी मान वर केली तर हातगाड्यांच्या गर्दीत तू. तुझा नवा टेम्पो कुणाच्या तरी हातगाडीमागे अडकलेला. तू दुकानाकडे पाहत नव्हतास. पाहत नसल्याचं दाखवत होतास. हातगाडी सरकली, तू गेलास. मी त्या बाईचा गुंड कागदात गुंडाळत राहिले. मला उठून बाहेर यायला किती पावलं लागली असती? सहा. मी मनात म्हटलं, वाटेत अडकला असेल, त्यात काय. तेव्हा तुझ्या पोटात दुखायला लागलं होतं का, ते सुशीलेला विचारायचं धाडस मला झालं नाही.

तुझ्या दहाव्यानंतर मी बॉडीवाल्याकडे गेले. घराला ब्रेक बसवून घ्यायला. आठ महिने ते हुडकेश्वरला दारात उभं होतं, मी फक्त रविवारी आत जाऊन बसायची. एका खाटेवर मी, दुसरी तशीच. चहा करताना दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. गाडीतली शेजारची तुझी सीट तुझ्या लांब पायांसाठी मागे सरकवलेली, ती मी पुढे घेतली नाही. पोरगं फोनवर म्हणायचं, "आई, विकून टाक ते." मी म्हणायची, भाव येत नाही.

बॉडीवाल्याला म्हटलं, "त्या दिवशी खोडलेली ओळ पुन्हा लिही गा."

तो म्हणाला, "मी तवाच म्हटलं होतं बाई. नामदेवभाऊबी तेच बोलला होता."

"कवा?"

"तुमी चिखलदऱ्याले गेल्या ना, त्याच्या दोन दिवस आधी आला होता. म्हणे, घराखाली लंबा होऊन पाहिलं, ब्रेक दिसून नाई राहिले. मी म्हटलं, बाईनं खोडले. हासला. म्हणे, कोणाले सांगजो नोको, बाजारात बाईचं नाव हाय."

मी तिथेच त्याच्या लोखंडी पत्र्यांच्या ढिगावर बसले.

म्हणजे तुला ठाऊक होतं. पेंचला नेऊ म्हणालास तेव्हा ठाऊक होतं. भेव वाटते म्हणालास तेव्हाही. माझ्या शेजारी बसून तू तो घाट उतरत होतास, मागे बिनब्रेकचं घर आहे हे माहीत असताना. आणि मी "उतर" म्हणाले तेव्हा तुझ्याजवळ एक वाक्य होतं. व्याह्यांकडे वळून म्हणायचं, "बाईनं घराचे ब्रेक कापून घेतले." माझी जन्माची पत गेली असती. तू ते वाक्य गिळलंस आणि पायाशी सांडलेला चिवडा झटकलास. तिसरा नियम तू मोडला नव्हतास. मी मोडला.

पण माझा राग पूर्ण गेलेला नाही, हेही लिहून ठेवते. दुकानात मला एकटीला गाठलंस तेव्हा सरळ का नाही बोललास? "भेव वाटते" म्हणे. तू मला लाज वाटू नये म्हणून स्वतःला भित्रा म्हणवून घेतलंस. इतकी माझी लाज राखायची गरज नव्हती रे. मला दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी किल्ली फेकली असती, आपण गवतात शोधली असती आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक बसवले असते. एवढी मी तुला अवघड झाले होते का? कदाचित झाले होते. टोपलं उतरल्यावर मला कोणी खरं सांगेनासं झालं, आणि तू सांगायचास ते मला टेम्पोवाल्याचं वाटायला लागलं.

परवा मी घर जोडून चिखलदऱ्याला गेले. एकटी. चढाला अडखळली तिथे तीनवर धरली. वर थांबले नाही, बंगल्याकडे गेले नाही. गाडी वळवून उताराच्या तोंडाशी आणली आणि उतार लागायच्या आधी, अजून रस्ता सपाट असतानाच, लिव्हर बाजूला केली. दोन. मागून कुणी ढकललं नाही. वळणावर पाय ब्रेकला नुसता लागला, की मागच्या घरानंही आपले ब्रेक धरले. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं पाढा म्हणत होते.

पांढऱ्या कठड्याशी, मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. डावीकडचं दार उघडलं. मग उतरून घराच्या कडेनं मागे चढाकडे चालत गेले, दहा पावलं. गुडघे दुखतात, हळूच चालते. दहाव्या पावलाला वळण आहे. तिथून पुढचा रस्ता दिसत नाही. तू इथवर येऊन एकदा मागे वळला असशील का, ते मला आरशात दिसलं नसतं.

कठड्यावर एक माकड बसलं होतं, बाकी कोणी नाही. मी बाजारात मारते तशी मोठ्यानं हाक मारली.

"ये गा नामदेवा. मी चुकली. ये, घेऊन जा. तुझ्याच भावात."

परत येऊन इंजिन सुरू केलं आणि तू थांबायचास तेवढा वेळ ते तसंच चालू ठेवलं. डावं दार उघडंच होतं. मग वाकून ते ओढून घेतलं, दोनवर टाकली आणि ब्रेकवरचा पाय उचलला.